चाँद दिसला, म्हणजे नेमके काय झाले?

२०२५ सालची ईद आठवून पाहा. शनिवारी, २९ मार्चच्या रात्री बोरी अरबमधल्या अनेक घरांत आखातातून फोन आले. सौदीत चाँद दिसला होता आणि तिकडे रविवारी ईद जाहीर झाली होती. आपला तेव्हा अठ्ठाविसावा रोजा नुकताच सुटला होता. रविवारी सकाळी गावात गुढ्या उभ्या राहिल्या, संध्याकाळी देशात ठिकठिकाणी चाँद दिसला आणि सोमवारी, ३१ मार्चला आपली ईद झाली.

त्या दोन दिवसांत गावातल्या पोरांनी मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. दुबईत काम करणाऱ्या भावाची ईद रविवारी आणि आपली सोमवारी, असे का? एक जण तर चिडूनच म्हणाला, "चाचा, चाँद तर एकच आहे ना?"

याचे नेहमीचे उत्तर बरोबर आहे. मक्का आपल्यापासून बरीच पश्चिमेला आहे. तिथे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे अडीच तास उशिरा मावळतो. तेवढ्या वेळात चंद्र सूर्यापासून आणखी थोडा दूर सरकतो. म्हणून कधी कधी जो चाँद बोरीत दिसत नाही तो त्याच संध्याकाळी मक्केत दिसू शकतो. पण त्या शनिवारचा मामला एवढ्यावर मिटत नाही. त्या दिवशी अमावास्या संपली ती आपल्या घड्याळाने दुपारी साडेचारच्या सुमाराला. ही वेळ कुठून गुप्तपणे मिळवलेली नाही. शेजारच्या घरात भिंतीवर टांगलेल्या पंचांगात ती कित्येक महिने आधीच छापलेली होती. त्याच दिवशी युरोपात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात खंडग्रास सूर्यग्रहण झाले, म्हणजे चंद्र सूर्यासमोर आल्याचे लोकांनी उघड पाहिले. मक्केत सूर्य मावळला तेव्हा नवा चंद्र पाच तासांचाही नव्हता.

पंधरा तासांहून लहान चंद्र नुसत्या डोळ्यांनी दिसल्याच्या भरवशाच्या नोंदी जवळजवळ नाहीतच. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दांजाँ याने १९३०च्या दशकात जुन्या नोंदी तपासून एक मर्यादा मांडली : चंद्र सूर्यापासून साधारण सात अंश दूर गेल्याशिवाय कोरच तयार होत नाही. त्या शनिवारी मक्केत तो सात अंशांच्या जवळपासही नव्हता. अबुधाबीच्या आंतरराष्ट्रीय खगोल केंद्राने आधीच सांगितले होते की त्या संध्याकाळी चाँद दिसणे अशक्य आहे. ओमान, इजिप्त आणि जॉर्डन यांनी सोमवारीच ईद केली. उलट रविवारी संध्याकाळी बोरीच्या आकाशातला चंद्र सुमारे सव्वीस तासांचा होता. तो दिसण्यात कसलेही नवल नव्हते.

मग सौदीत ज्यांनी गवाही दिली ते खोटे बोलले का? आपल्या पोरांपैकी निम्म्यांनी लगेच ‘हो’ म्हटले. उरलेल्या निम्म्यांनी ‘मक्केतले लोक खोटे कसे बोलतील’ म्हणून विज्ञानालाच खोटे ठरवले. मला दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. खरे बोलणे आणि खोटे बोलणे यांच्यामध्ये एक मोठी जागा आहे आणि आपण सगळे दिवसातून अनेकदा तिथे उभे असतो. माणूस प्रामाणिकपणे, शपथेवर, नसलेली गोष्ट पाहू शकतो.

याचा एक जुना किस्सा आपल्याच परंपरेत आहे. इब्न खल्लिकानच्या चरित्रकोशात तो बसऱ्याचे काझी इयास बिन मुआविया यांच्या नावाने येतो. लोक रमजानचा चाँद पाहायला जमले होते. त्यांत पैगंबरांचे सहाबी हजरत अनस बिन मालिक होते. वय शंभरीला टेकलेले. ते म्हणाले, मला चाँद दिसला, तो पाहा. ते बोट दाखवत राहिले आणि बाकी कुणालाच काही दिसेना. आता विचार करा, काझीसमोर कोण आहे? ज्यांनी पैगंबरांची दहा वर्षे सेवा केली, ज्यांच्याकडून हजारो हदीस आल्या, ते. त्यांना खोटे म्हणायची कुणाची छाती? इयास यांनी निरखून पाहिले तर त्यांच्या भुवईचा एक पांढरा केस वाकून डोळ्यासमोर आला होता. त्यांनी हळूच तो केस पुसून सारखा केला आणि विचारले, आता दाखवा, चाँद कुठे आहे? अनस पाहत राहिले आणि म्हणाले, आता दिसत नाही.

मला या किस्स्यात काझीची हुशारी तर आवडतेच, पण त्याहून त्यांची रीत आवडते. त्यांनी अनस यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेतली नाही आणि त्यांच्या मोठेपणापुढे मान तुकवून चाँदही जाहीर केला नाही. माणूस खरा आहे हे मान्य केले आणि तरी गोष्ट तपासली. आपल्याकडे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे फार अवघड जाते. मोठ्या माणसाने सांगितले तर तपासायचे नाही, आणि तपासले तर अपमान झाला असे समजायचे.

त्याच बसऱ्यात पुढे, साधारण ९६५ साली, इब्न अल-हैसम जन्मला. त्याने बरेचसे काम कैरोत केले. त्याचे ‘किताब अल-मनाझिर’ सात भागांचे आहे आणि ते अकराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिले गेले. शाळेच्या पुस्तकात त्याच्याबद्दल एखादी ओळ असते, तीही बहुधा प्रकाशाच्या धड्यात. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन स्पर्श करतात, असे युक्लिड आणि टॉलेमी मानत. इब्न अल-हैसमने दाखवले की उजेड वस्तूवरून डोळ्यात येतो. त्याचा एक प्रयोग तुम्ही घरी करू शकता. अंधाऱ्या खोलीला एक बारीक भोक ठेवायचे आणि बाहेर चार दिवे वेगवेगळ्या जागी लावायचे. आतल्या भिंतीवर चार ठिपके उमटतात. एक दिवा झाकला की नेमका एकच ठिपका जातो, बाकीचे तसेच राहतात. उजेड सरळ रेषेत येतो आणि एकाच भोकातून जाताना एकमेकांत मिसळत नाही, हे एवढ्याने कळते.

पण आपल्या विषयासाठी त्याचे दुसरे काम जास्त मोलाचे आहे. त्याने विचारले, उजेड डोळ्यात आला म्हणजे ‘दिसले’ का? त्याचे उत्तर होते, नाही. डोळ्यात येतो तो फक्त उजेड आणि रंग. ती वस्तू कोणती, केवढी, किती दूर, हे मन ठरवते. मन आठवणीशी ताडून पाहते आणि तर्क करते. हे इतक्या झटपट होते की आपण तर्क केला हे आपल्यालाच कळत नाही. बाजारात बुरखा घातलेल्या दहा बायका येत असतात, आणि त्यांतली आपली अम्मी आपण वीस पावलांवरून ओळखतो. चेहरा तर दिसलेलाच नसतो! चाल, खांद्याची ठेवण, पिशवी धरायची पद्धत यांवरून मनाने हिशेब केलेला असतो आणि आपण म्हणतो, ‘अम्मी दिसली’. जर्मनीत हेल्महोल्ट्झने जवळपास हीच गोष्ट एकोणिसाव्या शतकात नव्याने मांडली.

इब्न अल-हैसमने नजर कशी चुकते याला आपल्या ग्रंथाचा एक पूर्ण भाग दिला. नीट दिसण्यासाठी अंतर, समोर असणे, उजेड, वस्तूचा आकार, तिचा ठोसपणा, मधल्या हवेचा स्वच्छपणा, पुरेसा वेळ आणि निरोगी डोळा या आठ गोष्टी जुळाव्या लागतात, असे त्याने लिहिले. आता एकोणतिसाव्या संध्याकाळशी ताडून पाहा. अंतर अफाट, उजेड संधिप्रकाशाचा, वस्तू केसाएवढी, हवा धुळीची, वेळ दहा-पंधरा मिनिटे, आणि डोळे दिवसभराच्या रोज्याने थकलेले. त्यात मनाची ओढ आहे. उद्या ईद हवी आहे. शेजारचा ओरडतो, "तो बघ, त्या ढगाच्या वर!" आणि ढगाची उजळ कड खरेच कोरीसारखी दिसू लागते.

उगवता पूर्ण चंद्र मोठा आणि डोक्यावरचा लहान दिसतो, याचाही विचार त्याने केला होता. येत्या पौर्णिमेला हात पूर्ण लांब करून, एक डोळा मिटून, करंगळीच्या नखाने चंद्र झाका. दोन्ही वेळा तो सारखाच झाकला जातो. हे समजल्यावरसुद्धा उगवता चंद्र मोठाच दिसत राहतो, ही त्यातली गंमत. नजर सुधारत नाही. सुधारते ते आपले मत. गझालींनीही आपल्या आत्मकथनात असेच दोन दाखले दिले आहेत. सावली स्थिर दिसते पण सरकत असते, आणि तारा दिनारएवढा दिसतो पण भूमितीने तो पृथ्वीहून मोठा ठरतो. (‘कावीळ झालेल्याला जग पिवळे दिसते’ ही म्हण आपण सगळे वापरतो. पण कावीळ होऊन गेलेल्या माणसाला विचारा. पिवळे दिसते ते बघणाऱ्याला, त्याच्या डोळ्यांत!)

कुणी म्हणेल की या फिलॉसफीचा दीनशी काय संबंध. तर फिकहची जुनी पुस्तके पाहा. हनफी फकिहांचा नियम आहे की आकाश ढगाळ असेल तर ईदच्या चाँदसाठी दोन साक्षीदार पुरतात, पण आकाश स्वच्छ असेल तर मोठा जमाव लागतो. वरवर हे उलटे वाटते. स्वच्छ आकाशात तर दोघेही पुरायला हवेत. पण नियम करणाऱ्याने डोके चालवले होते. आकाश मोकळे आहे, हजार लोक पाहत आहेत आणि फक्त दोघांनाच दिसतो, तर त्या दोघांचे काही तरी चुकले असण्याचीच शक्यता जास्त. ढग असतील तर एखाद्या फटीतून दोघांनाच दिसणे शक्य आहे. हा शुद्ध तर्क आहे आणि तो शेकडो वर्षांपूर्वीचा आहे. चौदाव्या शतकात दमिश्कचे काझी तकीउद्दीन सुबकी यांनी याच्यापुढचे पाऊल टाकले. हिशेबाने चाँद दिसणे अशक्य ठरत असेल तर गवाही स्वीकारू नये, असे त्यांचे मत होते. १९३९मध्ये इजिप्तचे हदीसचे अभ्यासक अहमद शाकिर यांनी महिन्याची सुरुवातच हिशेबाने ठरवावी असे मांडले. बहुसंख्य उलेमांना ते पटलेले नाही, आणि या लेखात तो वाद मला सोडवायचा नाही.

माझे मत सुबकींच्या जवळ आहे. चाँद डोळ्यांनी पाहण्याची रीत राहू द्या. पण जी गवाही अशक्य आहे ती हिशेबाने अडवा. हिशेबाला सगळे जमते असेही नाही. अमावास्या कधी संपते हे तो मिनिटापर्यंत सांगतो. मात्र आज संध्याकाळी कोर दिसेल का, याचे उत्तर चंद्र फार लहान किंवा चांगला मोठा असेल तेव्हाच ठाम देता येते. मधल्या पट्ट्यात तो ‘शक्यता आहे’ एवढेच म्हणतो, आणि तेही शेकडो लोकांनी आजवर जे पाहिले आणि लिहून ठेवले त्याच्याच जोरावर. डोळ्यांच्या नोंदी नसत्या तर दांजाँची मर्यादाही निघाली नसती.

आपण हिशेबाला घाबरतो असेही म्हणता येत नाही. मशिदीत नमाजाच्या वेळांचा तक्ता लावलेला असतो. सेहरी कधी संपली हे पाहायला आता कुणी छपरावर जाऊन पूर्वेचा पांढरा पट्टा शोधत नाही, आणि असर ठरवायला काठीची सावली मोजत नाही. सूर्याचा हिशेब आपण खिशात घेऊन फिरतो. चंद्राचा हिशेब मात्र ऐकायलाही तयार नसतो.

आणि शेतात? दारव्हा तालुक्यात ज्याच्या घरी कपाशी आहे त्याला मी काय सांगणार. गुलाबी बोंडअळी बाहेरून दिसत नाही. बोंड हिरवेगार, टणक, देखणे असते आणि आत अळी सरकी खात असते. २०१७च्या हंगामात याच हिरव्यागार बोंडांनी यवतमाळ जिल्ह्याला फसवले. तेव्हापासून शेतकरी कामगंध सापळे लावतो आणि पतंग मोजतो. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले, किंवा वीस बोंडे फोडून पाहिल्यावर दोन किडलेली निघाली, की फवारणीची वेळ झाली. म्हणजे डोळ्याला न दिसणारी अळी मोजणीने ‘दिसते’. त्याच २०१७मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर मरण पावले, शेकडो दवाखान्यात गेले. औषध ओल्या कपड्यातून, घामेजल्या कातडीतून अंगात शिरते आणि शिरताना बहुधा काहीच जाणवत नाही. ‘मला तर काही होत नाही’ असे म्हणत माणूस दुसरा पंप भरतो. त्या वाक्यात खोटे काही नाही. त्याला खरोखरच काही होत नसते, तोवर.

कापसाच्या गाडीजवळ उभे राहून पाहा. व्यापारी ढिगात हात घालतो आणि म्हणतो, माल ओला आहे. शेतकरी म्हणतो, सुका आहे. दोघांचेही हात अनुभवी असतात आणि दोघांचाही हात स्वतःच्या फायद्याच्या बाजूला झुकलेला असतो. मग ओलावा मोजायचे मीटर लावतात. कापूस महामंडळ आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव देते, बारापर्यंत कापून घेते, त्यापुढे घेतच नाही. मीटरचा आकडा कधी आपल्याला आवडतो, कधी नाही. पण तो मागायचा हक्क आपण सोडत नाही.

हाच हक्क आपण माणसांच्या बाबतीत मागतो का? २०२०च्या एप्रिलमध्ये आपल्यापैकी प्रत्येकाने ती नजर अनुभवली. भाजीच्या गाडीवर टोपी दिसली की लोकांना कोरोना दिसत होता. रोजच्या बातम्यांत तबलिगी जमातीच्या रुग्णांचा आकडा वेगळा सांगितला जात होता. ज्यांना शोधून शोधून तपासले, त्यांच्यात रुग्ण जास्त सापडणारच. तपासणी किती जणांची झाली आणि बाकीच्यांची किती, हा साधा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातीच्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे म्हटले. तोवर लोकांनी जे ‘डोळ्यांनी पाहिले’ होते ते पाहून झाले होते.

मात्र इथे थांबलो तर आपण अर्धेच बोललो. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे होते. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाईलवर आठवडे फिरत होत्या. बाजाराच्या दिवशी अनोळखी कपड्यांतली पाच माणसे आली आणि गर्दीला टोळी ‘दिसली’. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन त्यांना मारले. तिथे एकही इयास नव्हता, जो म्हणेल की थांबा, यांची ओळखपत्रे पाहू, मंगळवेढ्याला फोन लावू. त्याच महिन्यात व्हॉट्सअपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

आपल्या ग्रुपवर काय फिरते? भलत्याच देशाचा, भलत्याच वर्षाचा व्हिडिओ ‘आपल्या भावांवर झालेला जुलूम’ म्हणून येतो, आणि रक्त उसळलेला पोरगा तो पन्नास जणांना पाठवतो. त्याला जुलूम दिसतो कारण जुलूम त्याने पाहिलेला आहे, त्याच्यावर झालेला आहे. हे समजण्यासारखे आहे. पण व्हिडिओत पाटी कोणत्या भाषेतली आहे, गाडीचा नंबर कुठला आहे, झाडे कसली आहेत, हे पाहायला अर्धे मिनिट पुरते. ते अर्धे मिनिट न दिल्यामुळे खऱ्या जुलमाची तक्रार उद्या कुणी ऐकत नाही, हे आम्ही कार्यकर्ते पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून शिकलो.

म्हणून बोरीतल्या, आणि वाचणाऱ्या प्रत्येक गावातल्या पोरांसाठी एक काम सुचवतो. पुढच्या रमजानच्या अठ्ठाविसाव्या दिवशीच एक वही घ्या. त्यात लिहा : अमावास्या किती वाजता संपते, आपल्या गावात सूर्य कधी मावळेल, चंद्र कधी मावळेल, सूर्यास्ताच्या वेळी चंद्र किती तासांचा असेल. पंचांगातून घ्या, मोबाईलमधून घ्या, दोन्हींतून घेतले तर उत्तम. मग एकोणतिसाव्या संध्याकाळी पश्चिमेकडचे आकाश मोकळे दिसेल अशा शेतात किंवा छपरावर जा. ज्याला चाँद दिसला असे वाटेल त्याने ओरडायचे नाही. गप्प बसून कागदावर काढायचा : सूर्य मावळला त्या जागेच्या डावीकडे की उजवीकडे, किती बोटे वर, आणि टोके कुठे वळलेली. चंद्राची उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते, त्यामुळे टोके मावळलेल्या सूर्याकडे वळलेली कुणी काढली, तर त्याने दुसरेच काही पाहिले. सगळ्यांचे कागद झाले की मग एकत्र ठेवायचे.

मुलींनाही घ्या. छपरावरून त्याच आधी पाहतात, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

इमामसाहेबांना ती वही दाखवा. निर्णय त्यांचा आणि कमिटीचा राहील. आणि चाँद न दिसलेल्या संध्याकाळची नोंदही तितक्याच काळजीने लिहा, कारण नेमकी तीच कुणी लिहून ठेवत नाही. वहीच्या पानांचे फोटो आमच्याकडे पाठवा. शव्वालच्या अंकात छापू, ज्यांचा अंदाज चुकला त्यांचेसुद्धा.